गोष्ट आधी घरातली

हरसूलहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा चौथीत शिकतो. शाळा मराठी, घरात आपली हिंदी-उर्दू, संध्याकाळी मदरशात अरबी. शाळेत पावसाळ्यावर निबंध लिहायला सांगितला. त्याने व्हॉट्सॲपमधल्या त्या निळ्या वर्तुळाला विचारले आणि मिनिटभरात निबंध हजर! मोर नाचला, कागदी होड्या सुटल्या, आईने गरमागरम भजी तळली. गुरुजींनी शाबासकी दिली. "आता चित्र काढायचे तरी फोन, गोष्ट सांगायची तरी फोन. द्यावा की नाही?" असे त्या विचारतात.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे, "पूर्वी तो स्वतःहून काहीबाही सांगायचा. मागच्या पावसात म्हणाला, अम्मी, पत्र्यावर पाऊस एवढा वाजतोय की अजान ऐकूच येत नाही. अब्बू घड्याळ बघून नमाजला उठतात."

आमच्या मते खरा निबंध हाच होता.

हरसूल म्हणजे वाघेरा घाटापलीकडचा, गुजरातच्या हद्दीजवळचा पावसाळी मुलूख. उन्हाळ्यात राब भाजायचे, पाऊस लागला की भाताची आवणी, उतारावर नागली आणि वरई. गुरुजींना मिळालेल्या निबंधात यातले काहीच नव्हते. यंत्राला पावसाळ्यावरचे हजारो निबंध ठाऊक आहेत, या मुलाचे छप्पर ठाऊक नाही. ते सर्वांच्या निबंधांचा अर्क काढून देते.

हे केवळ आमचे मत नाही. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउजर या दोन संशोधकांचा अभ्यास २०२४ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात आला. सुमारे ३०० जणांना छोट्या गोष्टी लिहायला दिल्या होत्या. काहींना एआयकडून कल्पना घेण्याची मुभा होती. कल्पना घेणाऱ्यांच्या गोष्टी वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, विशेषतः ज्यांना एरवी कमी सुचते त्यांच्या. मात्र त्या गोष्टी एकमेकींसारख्या होऊ लागल्या. ही सारी मोठी माणसे होती. ज्याला अजून स्वतःचा आवाज सापडायचा आहे, त्या मुलाच्या बाबतीत आम्हांला जास्त काळजी वाटते.

तरीही 'फोन देऊच नका' असे आम्ही म्हणणार नाही. दुकान, स्वयंपाक, धाकटे मूल सांभाळताना अम्मीला प्रत्येक प्रश्नाला वेळ देता येत नाही. यंत्र कंटाळत नाही. फक्त क्रम बदलावा. मुलाने आधी बोलावे. फोनमध्ये मराठीत बोलून टंकायची सोय आहे, तिथे त्याला त्याच्या शब्दांत, हिंदी-मराठी मिसळून, सांगू द्या. मग यंत्राला अशी सूचना द्या: "ही माझी गोष्ट आहे. तू ती पूर्ण करू नकोस, सुधारूही नकोस. मला एका वेळी एकच प्रश्न विचार, म्हणजे पुढचे मला सुचेल."

मग यंत्र विचारू शकते, 'अब्बूंचे घड्याळ बंद पडले तर?' आता खरी गंमत. कारण याचे उत्तर घरात आहे. लाउडस्पीकर नव्हता, घरोघरी घड्याळे नव्हती, आभाळ चार-चार दिवस उघडत नव्हते, तेव्हा अस्रची वेळ कशी ओळखायचे? मुलाने दादीला विचारावे, मशिदीतल्या एखाद्या बुजुर्गांना विचारावे. तिथून जी गोष्ट येईल ती कुठल्याच यंत्रात नाही.

चित्रांचेही असेच. २०२३ साली 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने मिडजर्नी या चित्रयंत्राकडून निरनिराळ्या देशांची चित्रे काढून घेतली, तेव्हा 'भारतीय माणूस' म्हणून जवळजवळ दर वेळी दाढीवाला म्हातारा आला. तुम्हीही 'गावातले मुस्लिम कुटुंब' असे सांगून पाहा. बहुधा घुमट, मिनार आणि झगमगते कपडे येतील. ते चित्र मुलासमोर ठेवा आणि विचारा, यात आपल्या घरातले काय काय राहिले? पत्र्याचे छप्पर, दाराशी ठेवलेल्या ओल्या छत्र्या, समोरच्या खाचरात आवणी करणारे आदिवासी शेजारी. राहिलेले ते सारे त्याने वहीत काढावे. यंत्राच्या चुका शोधायला मुलांना फार आवडते, आणि हात आपोआप चालू लागतो.

दोन-तीन बाबतींत मात्र आम्ही स्पष्ट आहोत. ईदच्या कार्डावर आयत यंत्राकडून लिहून घेऊ नये. चित्रयंत्रे अरबी अक्षरांचे जोड चुकवतात, नुक्ते गाळतात. दिसायला सुंदर, वाचायला गेलो तर भलतेच. मुलाच्या वाकड्या बोटांनी लिहिलेले 'बिस्मिल्लाह' त्याहून लाख पटींनी बरे. नबींच्या गोष्टी आणि हदीसही यंत्राकडून तयार करून घेऊ नयेत. ते क्रमांकासकट नसलेली हदीस आत्मविश्वासाने सांगू शकते. त्यासाठी ग्रंथ आहेत, आलिम आहेत. आणि मुलांचे फोटो! मार्च २०२५ मध्ये कार्टूनसारखी चित्रे करून घेण्याची लाट आली, तेव्हा कितीतरी घरांतल्या लेकरांचे चेहरे परक्या कंपन्यांकडे गेले. चॅटजीपीटीचा स्वतःचा नियमही १३ वर्षांखालील मुलांना परवानगी देत नाही, आणि १८ पर्यंत पालकांची संमती मागतो. तेव्हा चौथीतल्या मुलाच्या बाबतीत फोन अम्मीच्या किंवा अब्बूंच्या हातात, आणि मूल शेजारी बसलेले.

वाचायला पुस्तके नाहीत अशी अडचण असेल तर प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ पाहावे. २०१५ पासून ते मोफत आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत गोष्टी आहेत. नेटवर्क असेल तेव्हा उतरवून ठेवाव्यात.

नेटवर्क नसेल तेव्हा कंपास पेटी काढावी. एक वर्तुळ काढायचे, कर्कटकाचे अंतर न बदलता परिघावर टोक टेकवत जायचे. बरोबर सहा खुणा होतात. प्रत्येक खुणेवरून तेवढेच वर्तुळ काढले की मध्ये सहा पाकळ्यांचे फूल उमलते. आपल्या जुन्या इमारतींतल्या कितीतरी जाळ्यांची नक्षी अशाच कर्कटकाने आणि पट्टीने आखली जाते. सहाऐवजी आठ पाकळ्या हव्या असतील तर काय करायचे, हे मात्र मुलाला आयते सांगू नये.