शिबिर नको, महिन्याचा ठरलेला वार हवा

आपल्यात कुणी डॉक्टर झालं की सत्कार होतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दवाखाना पुण्यात टाकणार की परदेशात जाणार? ‘इथंच राहणार’ हे उत्तर कुणी धरूनच चालत नाही. संधिवाताच्या तज्ज्ञाकडून तर नाहीच.

मी वालचंदनगरचा. अब्बांची नोकरी इथल्याच कारखान्यात गेली. या गावात इस्रोच्या रॉकेटांचे भाग तयार होतात, पण माझ्या फुफीच्या बोटांचे सांधे कशाने सुजले हे कळायला दोन वर्षं लागली आणि ते कळलं पुण्यात. सकाळी तिची बोटं तासभर वळायची नाहीत. फजरच्या वजूला नळ दुसऱ्या कुणीतरी उघडून द्यावा लागे. जवळच्या एका दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन मिळे, चार दिवस बरं वाटे. घरचे म्हणत, वय झालं. वय होतं बेचाळीस. शिलाई मशीन बंद पडली तेव्हा कुठे घरात चर्चा सुरू झाली.

हा आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. पहिल्या काही महिन्यांत नीट औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, नंतर वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. नुसत्या स्टेरॉइडवर वर्षं काढली तर हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते ते वेगळंच.

याची मोजदाद आपल्याच इंदापूर तालुक्यात झाली आहे, हे मला फार उशिरा कळलं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये भिगवणला घरोघरी सर्वेक्षण केलं. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते दारोदार जाऊन ‘कुठं दुखतं?’ असं विचारायचे आणि ज्यांना दुखत होतं त्यांना डॉक्टर तपासायचे. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचा त्रास निघाला. आमवात साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दहा हजार प्रौढांमागे ती पन्नास माणसं होतात. कळंब, लासुर्णे, अंथुर्णे, जंक्शन असा आमचा पट्टा धरला तर मोठी रांग लागेल.

मग तज्ज्ञ इथं का येत नाही? त्याला नावं ठेवण्याआधी त्याचा हिशेब बघा. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, पुन्हा तीन वर्षं डीएम. तो ऑपरेशन करत नाही, त्याची कमाई तपासणीच्या फीवर. एका तालुक्यात पेशंट पुरतील का ही शंका, त्यात नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा. ‘गावाची सेवा करा’ असं भाषण देऊन यातलं काहीच सुटत नाही.

अमेरिकेत, मिडवेस्टच्या छोट्या गावांतही हीच रड आहे. तिथं त्यांनी भाषणं दिली नाहीत, व्हिसाच्या नियमात सोय केली. जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरला शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होते. दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा. त्यामुळे आपल्याकडे शिकलेली मुलं मक्याच्या शेतांमधल्या गावात तीन-तीन वर्षं राहतात. उसाच्या शेतांमधल्या गावात राहायला त्यांना कुणी कारणच दिलेलं नाही. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना बॉण्डची एक वर्षाची सेवा असते, पण या आजाराचा पेशंट एका वर्षात संपत नाही.

सरकारने काय करावं यावर वेगळं लिहिता येईल. बारामतीला २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं ही ओपीडी मागायलाच हवी. महात्मा फुले योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. फुफीसारखी माणसं दाखल होत नाहीत, आयुष्यभर गोळ्या घेतात. हेही मांडायला हवं.

पण मला बोलायचं आहे ते आपल्या संघटनांशी. आपल्याला शिबिराची फार हौस. मंडप, बॅनर, पाहुणे, दोनशे जणांची तपासणी, फोटो. मोतीबिंदू शोधायला ते ठीक आहे. आमवाताला त्याचा उपयोग नाही. मेथोट्रेक्सेट हे यातलं मुख्य आणि स्वस्त औषध, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. ते चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. शिबिरात गोळ्या लिहून देणारा डॉक्टर परत येणारच नसेल, तर त्या न लिहिलेल्या बऱ्या.

उलट, संधिवाताचा तज्ज्ञ गावात आणणं हृदयाच्या तज्ज्ञापेक्षा सोपं आहे. त्याला कॅथलॅब लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. टेबल, पडदा, तपासायला निवांत वेळ आणि जवळ एक साधी लॅब. अवघड तपासण्यांचे नमुने पुण्याला पाठवता येतात. पुण्यातल्या एखाद्या तज्ज्ञाला महिन्यातला एकच वार मागा, समजा दुसरा रविवार. फुकट बोलावू नका. फी आणि गाडीभाडं द्या, म्हणजे तो दुसऱ्या महिन्यातही येईल. पुण्याला एकटीला पाठवायला घरचे तयार नसतात आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, म्हणून कित्येक बाया दुखणं अंगावर काढतात. गावातल्या गावात त्या स्वतः चालत येतील. शेजारच्या वस्तीतल्या, ऊसतोडीला आलेल्या बायाही येऊ द्यात. दरवाजा सगळ्यांना उघडा हवा.

मधल्या तीन आठवड्यांत गावातला नेहमीचा डॉक्टर पेशंट बघेल. त्याला बाजूला सारून हे चालणार नाही, पहिल्या दिवसापासून त्याला तज्ज्ञाच्या शेजारी बसवा. आणि मी सॉफ्टवेअरवाला असून सांगतो, याला ॲप लागत नाही. एक वही, एक मोबाइल आणि दोन-तीन मुलं-मुली पुरतात. कुणाचं रक्त तपासायचं राहिलं, कोण या महिन्यात आलं नाही, त्यांना फोन करायचा. गोळीच्या पाकिटावर मराठीत ठळक लिहायचं: ‘फक्त शुक्रवारी’. शुक्रवार अशासाठी की जुम्याचा दिवस फुफीच्या लक्षात राहतो. शेजारच्या काकूंना गुरुवार सोयीचा असेल तर त्यांच्या पाकिटावर गुरुवार लिहा.