चोरलेला सीडीआर घेऊन कोर्टात येऊ नका

हा इशारा लग्नाच्या आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत पाळत ठेवणाऱ्या खासगी गुप्तहेरांना आहे. आगाऊ रक्कम हातावर ठेवून ‘काहीही करा, पण पुरावा आणा’ म्हणणाऱ्यांनाही आहे. मुदत या महिनाअखेरपर्यंत.

आधी कार्डावरचं ‘सरकारमान्य’ खोडा. खासगी गुप्तहेराला परवाना देणारा केंद्रीय कायदाच आपल्याकडे नाही. त्यासाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा कधी झाला नाही. 2005 चा जो कायदा तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवता, तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचा आहे. भिंतीवर फ्रेम करून टांगलेला गुमास्ता चपलांच्या दुकानालाही मिळतो. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला जे करता येतं तेवढंच तुम्हाला करता येतं, त्यापलीकडे काडीचाही अधिकार नाही.

तेवढंही थोडं नाही. स्थळाची चौकशी शेजारीपाजारी करा. सातबारा पाहा, इंडेक्स टू काढा, ई-कोर्टवर मुलाच्या नावावर खटले आहेत का ते शोधा. कष्टाचं काम आहे, म्हणूनच बहुतेकांना सीडीआर, म्हणजे दुसऱ्याच्या कॉलचा मोबाइल कंपनीकडचा तपशील, हवा असतो.

2013 मध्ये अरुण जेटली राज्यसभेत विरोधी पक्षनेते असताना त्यांच्या कॉलची माहिती काढल्याचं उघड झालं, तेव्हा दिल्लीत पोलीस शिपाई आणि खासगी गुप्तहेर पकडले गेले. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी साखळीच उघडकीला आणली. तरी धंदा चालू आहे. आता 2023 चा दूरसंचार कायदा वाचा. कलम 42 खाली कंपनीच्या डेटात विनापरवाना शिरणं किंवा संभाषण चोरून ऐकणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉल रेकॉर्डचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हे कलम 26 जून 2024 पासून लागू आहे. माहितीसाठी पोलिसाला पैसे चारलेत तर लाच देण्याचा गुन्हा वेगळा. बाईच्या ईमेलवर, इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या पुरुषाला भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागतं. त्यातली गुन्हा शोधण्यासाठीची सवलत राज्याने नेमलेल्याला आहे, तुमच्या गिऱ्हाइकाने नेमलेल्याला नाही.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवराबायकोचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं, शिवाय पुराव्याचे नियम सैल करणारं कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 14 आहेच. दोन्ही खरं. पण जोडीदाराने स्वतःशी झालेलं बोलणं टिपणं वेगळं आणि तिऱ्हाइताने पैसे घेऊन दुसऱ्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप घालणं वेगळं. कोर्टाने कागद वाचला म्हणून तो आणणाऱ्याचा गुन्हा धुतला जात नाही.

महिनाअखेरपर्यंत तुमच्या जाहिरातीतून ‘सीडीआर’, ‘फोन ट्रॅकिंग’, ‘व्हॉट्सॲप रिकव्हरी’ ही पॅकेजं काढा आणि सध्याच्या कामांतली अशी हेरगिरी बंद करा. साठवलेलं काही पुसण्याच्या नादी मात्र लागू नका, पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा अंगावर येईल. त्याचं काय करायचं हे वकिलाला विचारा.

1 तारखेपासून माझ्या अशिलाने असा चोरीचा रेकॉर्ड आणला तर मी तो दाखल करणार नाही. त्याचं गुपित मी फोडू शकत नाही, पण वकीलपत्र परत देऊ शकतो. समोरच्या बाजूने आला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र मागेन आणि तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावण्याचा अर्ज देईन. हा रेकॉर्ड कोणी दिला, किती रुपयांना, हे शपथेवर सांगावं लागेल. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार जाईल. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावाने रेकॉर्ड मागवला गेला हे मोबाइल कंपनीकडून मागवा, अशी मागणी तिच्यात असेल, आणि आरोपींच्या रकान्यात पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव तुमच्या नावाच्या वर.