पंगत बसली की गोठा गोठा राहत नाही

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
आणि
मा. महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए)



मी वाघोलीत राहते. एकच पत्र दोघांना लिहिते आहे, कारण माझा प्रश्न नेमका तुमच्या दोघांच्या मधल्या बांधावर उभा आहे.

गेल्या जानेवारीत एका रविवारी आम्ही घरची सगळी मामांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. नगर रोडनं पुढे जाऊन आत वळायचं, मग कच्चा रस्ता. मामांनी काही वर्षांपूर्वी गुरं कमी केली, रिकाम्या गोठ्याला कोबा घातला आणि पत्र्याखाली पाहुण्यांच्या पंगती बसवायला सुरुवात केली. त्या दिवशी पुण्याहून दोन बस भरून माणसं आली होती. शिवाय आम्ही. शंभराच्या वर पानं झाली, हे मामीनंच सांगितलं.

आगटी गोठ्यापासून दहा-बारा पावलांवर होती. गोवऱ्या फुललेल्या, त्यात कणसं खुपसलेली, पोरं भोवती उकिडवी बसलेली. दुपारी वारा फिरला. कणसाचं एक पेटलेलं पान उडालं आणि गोठ्याच्या कुडाला टेकून रचलेल्या कडब्यावर जाऊन पडलं. कडबा गेल्या सालचा, हाडासारखा वाळलेला. आधी नुसता धूर दिसला. मग पेंढीच्या कडेनं एक तांबडी रेघ सरकायला लागली आणि बघता बघता ज्वाळ पत्र्यापर्यंत गेली. शेततळ्यावरची मोटर नशिबानं चालू होती. गड्यानं पाइप ओढला, मामांनी आणि भावानं पेटत्या पेंढ्या हातानं उपसून लांब फेकल्या. दहा मिनिटांत सगळं विझलं. भावाच्या मनगटावर अजून डाग आहे.

आग मोठी नव्हती. पण त्या दहा मिनिटांत आत काय झालं ते मी पाहिलं, आणि ते डोळ्यांसमोरून जात नाही. सगळी माणसं एकाच दाराकडे वळली, ज्या दारानं आत आली होती त्याच दाराकडे. गोठ्याला मागूनही दार आहे, गुरं पाण्यावर न्यायचं. त्याच्यासमोर जेवणाची टेबलं मांडली होती आणि टेबलांच्या मागं मांडववाल्यानं साटीनचा पडदा सोडला होता. तिथं दार आहे हे पाहुण्यांना कळणार कसं? एक आजी खुर्चीतच बसून राहिल्या, कारण उठवायला कुणी मागं वळलंच नाही. आग विझवायचा लाल सिलिंडर भिंतीला होता, पण स्वागताच्या फ्लेक्समागं. मी नंतर फ्लेक्स बाजूला करून पाहिला. काटा तांबड्या भागात, म्हणजे दाब केव्हाच उतरलेला.

त्या रात्री मामांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते परवानगीच्या मागं लागले. एका कार्यालयात सांगितलं, शेतीतली वास्तू आहे, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे मंजूर नकाशा मागितला. आजोबांनी बांधलेल्या गोठ्याचा नकाशा मामा कुठून आणणार? तिसरीकडे म्हणाले, आधी पहिल्यांकडून आणा. कार्यालयांची नावं मी घेत नाही, माझी तक्रार माणसांबद्दल नाही. मामा एवढंच म्हणाले, "अगं, मला नियम पाळायचाय. पण कुणाचा पाळू ते तरी कुणी सांगेल का?"

साहेब, नियम आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे. वास्तूतली आगीपासूनची व्यवस्था चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा ताबेदारावर टाकतो आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून दर जानेवारीत आणि जुलैत तसं प्रमाणपत्र द्यायला सांगतो. राष्ट्रीय इमारत संहिता गोठा, तबेला, धान्याचं कोठार यांना साठवणुकीच्या वर्गात घालते. त्याच संहितेत पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं करमणुकीसाठी, समारंभासाठी जमतात ती वास्तू जनसमुदायाच्या वर्गात जाते. मामांचा गोठा सोमवार ते शुक्रवार पहिल्या वर्गात असतो आणि शनिवार-रविवारी दुसऱ्या. कागदावर मात्र तो बारा महिने गोठाच. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे: वास्तू कागदावर काय आहे यावर नियम ठरवू नका, भरल्या रविवारी तिच्यात किती माणसं बसतात यावर ठरवा.

2020 साली राज्यानं कृषी पर्यटन धोरण आणलं आणि शेतकऱ्याला नोंदणीची वाट मोकळी करून दिली. चांगलंच केलं. आमच्या नगर रोडनं मोराची चिंचोलीला जाणाऱ्या गाड्या मी कित्येक वर्षं बघते आहे. हंगामात केसनंद फाट्यावर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. हुरड्यानं, लग्नाच्या लॉननं, शाळांच्या सहलींनी कितीतरी घरं सावरली, त्यात मामांचंही आलं. म्हणून हात जोडून सांगते, हे पत्र वाचून उद्या सरसकट नोटिसा काढू नका. नोटीस आली की शेतकरी पाटी उतरवतो, पण पाहुणे येतच राहतात, फक्त फोनवर ठरवून. मग तपासणीला जागाच सापडणार नाही.

आणि हे फक्त शेतावरचं नाही. 5 मे 2023 ची रात्र वाघोली विसरलेली नाही. उबाळेनगरमध्ये सजावटीच्या साहित्याच्या गोदामाला आग लागली, आत गॅसच्या टाक्या फुटल्या, तीन कामगार गेले. महापालिका आणि पीएमआरडीए, दोघांचेही बंब धावले. शेजारच्याच गोदामात चारशेच्या आसपास टाक्या होत्या. जवानांनी आग तिथवर जाऊ दिली नाही म्हणून आज आमच्यातले कितीतरी जण आहेत. सजावटीच्या गोदामांत जे असतं, ते साटीन, तो थर्मोकोल, ती प्लास्टिकची फुलं, दुसऱ्या दिवशी टेम्पोत भरून कुठं जातं? आजूबाजूच्या लॉनवर, मामांच्या गोठ्यासारख्या पत्र्यांखाली. गोदामात जळलं ते सामान आणि पंगतीवर टांगलेलं सामान एकाच जातीचं आहे. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून थेंब थेंब खाली गळतं, तेही पेटलेलं. उन्हासाठी बांधलेली हिरवी शेडनेटही प्लास्टिकचीच.

हरियाणात डबवालीला 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक लेकरं आणि त्यांच्या आया. वर सिंथेटिक कापड आणि बाहेर पडायला एकच अरुंद वाट. राजकोटच्या गेम झोनचा पत्र्याचा सांगाडा 25 मे 2024 रोजी जळला तेव्हा त्याच्याकडे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. दोन्ही ठिकाणी शनिवार होता, सुट्टीसाठी, मौजेसाठी आलेली माणसं होती. ज्या जागेत आपण पहिल्यांदाच आलोय तिथलं मागचं दार आपल्याला ठाऊक नसतं.

मांडवांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 8758. विजेच्या चालू तारांखाली मांडव नको, छत जमिनीपासून किमान तीन मीटर उंच हवं, असलं साधं, डोळ्यांनी तपासता येणारं सांगतं. कापड लवकर पेटू नये म्हणून बुडवायचं पाणीही त्यात दिलंय: अमोनियमचे क्षार, बोरॅक्स, बोरिक ॲसिड आणि तुरटी. तुरटी तर आपल्या घराघरात असते. हे किती मांडववाल्यांना माहीत आहे? मी चौघांना विचारलं, चौघांनीही पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा मागणं असं. 2021 च्या जूनमध्ये वाघोली महापालिकेत आली, शेजारचं लोणीकंद पीएमआरडीएकडे राहिलं. आग ती हद्द बघत नाही, पाहुणाही बघत नाही. दोघांनी मिळून एकच अर्ज करा, मराठीत, एका पानाचा. त्यात मंजूर नकाशा नसेल तर जागेवर येऊन टेपनं मोजणी करा आणि किती माणसं बसू शकतात तो आकडा दारावर रंगवून घ्या. समोरासमोर दोन दारं, बाहेर उघडणारी, समोर टेबल नाही, पडदा नाही. कडब्याची गंज पंगतीपासून आणि आगटीपासून लांब, किती लांब ते तुमच्या अधिकाऱ्यांनी ठरवावं, पण ठरवावं. गॅसच्या टाक्या पत्र्याबाहेर. शेततळं असेल तर पंप आणि पाइप पाहुणे असेपर्यंत जोडलेले. कडबा आतून धुमसतो, त्याला पावडरचा सिलिंडर पुरत नाही, पाणीच लागतं, आणि ते मामांकडे भरपूर आहे. बंबाला आत वळता येईल एवढी वाट. यातलं बहुतेक काम एका आठवड्यात आणि एका गवंड्याच्या मजुरीत होतं. महागड्या सल्लागाराची अट घातलीत तर छोटा शेतकरी बाहेर पडेल आणि मोठे रिसॉर्टवाले तेवढे उरतील.

आणि तपासणीला मंगळवारी सकाळी येऊ नका. मंगळवारी तिथं दोन म्हशी आणि एक कुत्रं असतं. रविवारी दुपारी एक वाजता या, आगटी पेटलेली आणि पानं वाढलेली असताना.

मामांनी मागचं दार आता मोकळं केलंय, कडबा विहिरीपलीकडे हलवलाय, सिलिंडर भरून आणून दारापाशी टांगलाय. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या मनाला येईल तसं केलं. बरोबर झालं का, हे सांगायला अजून कुणी आलेलं नाही. मार्गशीर्ष लागला की पुन्हा बस यायला लागतील. त्याच्या आधी अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा एवढं कळवा. सात-बारा, विजेचं बिल आणि गोठ्याचं हातानं काढलेलं चित्र मामांनी एका पिशवीत घालून ठेवलंय.

आपली,
वाघोलीची एक रहिवासी