गुन्ह्याआधीचा धडा



रुळाला गेलेला तडा गाडी येण्यापूर्वीच शोधावा लागतो, हे आपला गँगमन जाणतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण अत्याचार घडल्यावर मोर्चा काढतो. २०१२ चा पॉक्सो कायदा हवाच. पण त्याचा आधार बहुधा गुन्ह्यानंतरच मिळतो. मुंबई महापालिकेच्या शाळांत २००८ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समानता, छेडछाड व मारहाण या विषयांवर तास घेण्यात आले. नुसती प्रचारमोहीम झालेल्या शाळांपेक्षा जिथे हे तासही झाले, तिथे मुलांचे विचार अधिक बदलल्याचे पाहणीत दिसले. म्हणून आमची मागणी आहे : रेल्वेच्या शाळांतही असे तास वेळापत्रकात घाला. आणि बंधूंनो, क्वार्टरमध्ये बायकोवर हात उगारून मुलाला उलटा धडा देऊ नका.