दुखत नाय म्हणून थांबू नका



या अंकात वनहक्क दाव्यांच्या बातम्या आहेतच. पण अग्रलेख आम्ही दुसऱ्या गोष्टीवर लिहितोय, कारण ती गोष्टसुद्धा जमिनीइतकीच आपली आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका पाड्यावरची मावशी गेली. मोर्च्यात कायम पुढं चालणारी बाई. दिवाळीच्या आधी जिभेखाली जखम झाली, तेव्हा म्हणाली, "दुखत नाय, जाईल आपोआप." भगताकडं गेली, दुकानातून गोळ्या आणल्या. मग वीटभट्टीचा हंगाम लागला. भट्टीवरून परत आली तेव्हा भाकरसुद्धा गिळवत नव्हती. मुंबईला नेलं तर डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दावा तिच्या नावावर होता. पट्टा बघायला ती राहिली नाय.

कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाय. म्हणून शहाणा माणूसही फसतो. पण शहरातल्याला डॉक्टर हाकेवर असतो. आपल्याला तपासणीला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर रिक्षाभाडं. आणि सहा-सात महिने आपण भट्टीवर. आशाताई पाड्यावर येते तेव्हा घराला कडी. रोग तोच, पण आपल्याला तो उशिरा कळतो आणि म्हणून आपलीच माणसं जास्त मरतात.

तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण तंबाखू. भट्टीवर भूक मारायला तंबाखू, बायांना दात दुखला की मिश्री, पोरांना सुपारी नि गुटखा. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. खरं सांगायचं तर आमच्या बैठकीतही चंची फिरते. यापुढं फिरणार नाय, असं आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवलंय.

घरच्या घरी उजेडात तोंड बघा. गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर लगेच आरोग्य केंद्रात जा. भगताकडं जाऊ नका असं आम्ही म्हणत नाय, पण त्यासाठी डॉक्टरकडं जायचं थांबवू नका.

बायांना गर्भाशयाच्या तोंडाचाही कॅन्सर होतो. अंगावरून वास येणारं पाणी जाणं, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, हे लपवू नका. तो व्हायच्या बरीच वर्षं आधी तपासणीत दिसू शकतो. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायांवर अभ्यास केला. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावी शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं होतं आणि तपासणी होती व्हिनेगरसारखं पाणी लावून डोळ्यांनी बघायची. या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हे काम आपल्या पाड्यावरसुद्धा होऊ शकतं. आपल्याही पोरी दहावी शिकल्यात!

तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडाची, आणि बायांची स्तन नि गर्भाशयमुखाचीही तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची, हा सरकारचाच कार्यक्रम आहे. तो आपल्यापर्यंत यायला पाहिजे. आपले काही पाडे महापालिकेत, काही जिल्हा परिषदेकडे. म्हणून ठराव कुणाला द्यायचा ते आधी ठरवू आणि ग्रामसभेत किंवा पाड्याच्या बैठकीत लिहून घेऊ: तपासणी दिवाळीच्या आधी, म्हणजे भट्टीवर जायच्या आधी व्हावी. राहिलेल्यांची भट्टीवर व्हावी. बायांना तपासणारी बाईच असावी, आडोसा असावा. पोरींच्या लशीबद्दलही विचारू. ती ९ ते १४ वयात दिलेली सगळ्यात चांगली.

आणि रेशनकार्ड, आधार नीट करून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, पण आजारी माणूस खाटेवर असताना कागद शोधणं फार जड जातं. दाव्याचे पुरावे आपण पिशवीत जपून ठेवतो ना? त्याच पिशवीत हेही ठेवा.

जमीन मिळवायची ती कसायला. कसणारी माणसं आधी जगली पाहिजेत.

जिंदाबाद!