नालासोपाऱ्याचा ‘ऱ्या’ खाऊ नका

नालासोपारा पूर्वेला माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर येतो तो असा: ‘नालासोपारा चा राजा’, ‘अर्नाळा ला सहल’, ‘सत्पाळा मध्ये शिबिर’. मी ‘नालासोपाऱ्याचा’, ‘अर्नाळ्याला’ करून दिलं की गिऱ्हाईक वैतागतं, “काका, गावाचं नाव कशाला मोडता?”

अहो, मोडत नाही. घोड्याला, वाड्याला, तसंच सत्पाळ्याला. शाळेत यालाच सामान्यरूप म्हणायचे. वसई, विरार प्रत्यय लागला तरी बदलत नाहीत, म्हणून तिथं फक्त ‘ला’ सुटा पडतो. सोपाऱ्याचा मात्र ‘ऱ्या’च जातो. १८३६ साली मराठीचं व्याकरण छापणाऱ्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं आडनाव आपल्या वसईतल्या तर्खडचं. निदान या तालुक्यात तरी विभक्तीची इतकी आबाळ नको!

माझी मुलगी मालिका बघून तुर्की शिकतेय. ‘एव’ म्हणजे घर, ‘एविम’ माझं घर, ‘एविमदे’ माझ्या घरात. एका शब्दाला किती शेपट्या! पण तिथं शहराचं नाव लिहिताना तसंच ठेवतात आणि वर अपॉस्ट्रॉफी देऊन प्रत्यय जोडतात. बदलतो तो प्रत्ययातला स्वर: इस्तंबूलला ‘दा’, इझमिरला ‘दे’. मराठीत प्रत्यय तोच राहतो, नाव वाकतं. ज्या भाषेची जी रीत.

आपल्याकडचा घोळ निम्मा हिंदीच्या सवयीचा. तिथं नामापुढचे ‘का’, ‘में’ सुटे लिहितात. उरलेला आम्हा दुकानदारांचा. जुन्या फाइलीतलं ‘विरार’ खोडून ‘नालासोपारा’ टाकायचं, पुढचा ‘ला’ तसाच लोंबत ठेवायचा, झालं काम.

माझ्याकडे कामाला असलेला जौनपूरचा पोरगा रिक्षावाल्यांचं ऐकून ‘सोपाऱ्याला’ अगदी बिनचूक बोलतो. टाइप करायला बसला की ‘सोपारा ला’ करतो, कारण बॅनरवर त्यानं तेच वाचलेलं असतं. बाहेरून आलेल्यांना मराठी येत नाही म्हणून ओरडणाऱ्या मंडळांनी आधी आपला बॅनर तपासावा.

नाव अख्खंच हवं असेल तर ‘नालासोपारा येथे’ लिहा, बिनधास्त चालेल. एरवी पाठवण्याआधी मजकूर एकदा मोठ्यानं वाचा. जे आपण तोंडानं कधी म्हणत नाही, ते दहा फुटांच्या फ्लेक्सवर छापू नये. दुरुस्तीचे मी वेगळे पैसे घेत नाही.