पेटंट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे

हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, तेव्हा या देशात केवढा आनंद झाला होता! मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळालेले ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने उलथवून टाकले. युक्तिवाद सरळ होता. जखमेवर हळद लावणे आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि जे आधीच ठाऊक आहे त्यावर कोणालाही मक्तेदारी मागता येत नाही. तो दाखला त्यानंतर कितीतरी व्याख्यानांतून दिला गेला. मात्र हीच कसोटी घरच्या एका पेटंटला लावण्याची वेळ आली, तेव्हा आपली जीभ अडखळली.

ते पेटंट होते पुण्याच्या बजाज ऑटोचे. क्रमांक १९५९०४. अर्ज जुलै २००२ मधला, मंजुरी जुलै २००५ मधली. विषय होता एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग बसविलेले इंजिन. पल्सरवरील ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे ज्या घरात तरुण मुलगा आहे त्या घरात कोणी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. लहान सिलिंडरमध्ये एकच प्लग असेल, तर ज्योत एका बाजूने पेटून दुसऱ्या बाजूपर्यंत पोचण्यास वेळ लागतो. मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त असेल तर आणखीच वेळ लागतो. दोन्ही अंगांनी ठिणगी पडली की ज्वलन लवकर आणि पुरते होते, पेट्रोल वाचते, धूर घटतो. कल्पना चांगली होती आणि यंत्रही चांगले होते. २००३ नंतर लाखो मराठी कुटुंबांनी ते विकत घेतले, ते उगाच नव्हे.

परंतु चांगले यंत्र आणि वैध पेटंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानांच्या इंजिनांत दोन प्लग कित्येक दशके आहेत. इटलीच्या अल्फाने १९१४ साली शर्यतीच्या मोटारीत ते बसविले होते. म्हणूनच बजाजचा दावा ‘दोन प्लग’ एवढाच नव्हता. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरमध्ये, विरळ मिश्रणासाठी केलेली ही रचना नवीन आहे, असा तो दावा होता. २००७ साली तामिळनाडूच्या टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची मोटारसायकल पुढे आणली. तिच्यातही दोन प्लग होते, पण व्हॉल्व्ह तीन. बजाजने उल्लंघनाचा दावा लावला. त्याआधीच टीव्हीएसने हे पेटंटच रद्द करावे, असा अर्ज बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे केला होता. अशी रचना होंडाच्या १९८५ च्या, मुदत उलटून गेलेल्या अमेरिकी पेटंटात आहे, असे टीव्हीएसचे म्हणणे होते.

म्हणजे हळदीच्या वेळी जो प्रश्न आम्ही वॉशिंग्टनला विचारला, तोच येथे विचारला जात होता. आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीत आपण नेमकी कोणती भर घातली? फरक एवढाच की या वेळी समोर परकीय नव्हता. दोन्ही कंपन्या स्वदेशी, दोन्ही नावाजलेल्या. मग अनेकांनी सोपा मार्ग धरला आणि पुण्याची बाजू ती आपली बाजू मानली. पेटंट मिळाले आहे ना, सरकारचा शिक्का आहे ना, मग शंका कसली?

या शिक्क्याविषयीचा गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १३(४) स्पष्ट सांगते की, कार्यालयाने केलेली तपासणी ही पेटंटच्या वैधतेची हमी नव्हे. मिर्झापूरच्या भांडी-कारखानदारांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितले. लेथवर भांडे पकडून ठेवण्याच्या एका साधनावरचे पेटंट होते ते. जुन्याच युक्तीत किरकोळ फेरफार म्हणजे शोध नव्हे, असे म्हणून न्यायालयाने ते बाद ठरविले. साध्या पितळी भांड्यांच्या धंद्यातून निघालेला हा निवाडा आजही आपल्या पेटंट कायद्याचा पाया मानला जातो.

आता दुचाकीच्या वादाचे काय झाले ते पाहा. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला मनाई केली. कंपनीला एकाच प्लगवर ‘फ्लेम’ बाजारात आणावी लागली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठविली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, हिशेब ठेवण्यास सांगितले आणि मूळ दावा ३० नोव्हेंबरपर्यंत निकालात काढण्याचा आदेश दिला. पेटंटचे दावे रोजच्या रोज ऐकून साधारणपणे चार महिन्यांत संपवावेत, असेही त्याच आदेशात बजावले. कोठे ते चार महिने आणि कोठे बारा वर्षे! ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड करून खटले मागे घेतले. पेटंटची वीस वर्षांची मुदत संपण्यास तेव्हा तीनही वर्षे उरली नव्हती. ते पेटंट वैध होते की अवैध, या मूळ प्रश्नाचा अंतिम निकाल त्या दाव्यातून मिळालाच नाही. ज्या मंडळाकडे ते रद्द करण्याचा अर्ज गेला होता, ते मंडळही २०२१ साली बरखास्त झाले.

दोन धनाढ्य कंपन्यांनी आपला वाद मिटविला, हा त्यांचा अधिकार. पण पेटंट हा दोघांतला खासगी करार नाही. समाजाने वीस वर्षे इतर सर्वांचे हात बांधून घेऊन दिलेली ती सवलत आहे. तिची पारख होणार की नाही, हे दोन वादींच्या मर्जीवर सोडून कसे चालेल?

भोसरीत, सातपूरला, कोल्हापूरच्या शिरोलीत सुटे भाग बनविणारे हजारो लहान कारखाने आहेत. अशा कारखानदाराच्या टेबलावर पेटंट क्रमांक घातलेली वकिली नोटीस येऊन पडते, तेव्हा तो काय करील? कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते, कलम १०७ खाली तोच बचाव घेता येतो, निराधार धमकीविरुद्ध कलम १०६ आहे. कागदावर सारे आहे. पण मद्रासमध्ये जे बारा वर्षे टीव्हीएसला परवडले, ते याला बारा आठवडेही परवडणार नाही. तो मुकाट्याने साचा गुंडाळून ठेवील.

म्हणून खरी लढाई मंजुरीपूर्वीची आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कोणीही व्यक्ती कलम २५(१) खाली हरकत घेऊ शकते. अशा हरकतीला अनेक वर्षे शुल्क नव्हते. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी शुल्क बसविले आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हे आधी कार्यालय ठरविणार अशी चाळणी लावली. खोडसाळ हरकतींना आळा घालण्यासाठी हे केले, असे समर्थन दिले जाते. खोडसाळ अर्जांना आळा घालण्याची तातडी मात्र तितकीशी दिसत नाही. हा नियम सरकारने मागे घ्यावा, निदान लघुउद्योगांना आणि शैक्षणिक संस्थांना शुल्कातून वगळावे.

तोवर उद्योजकांच्या संघटनांना एक काम आजपासून करता येईल. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी प्रसिद्ध होते. जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन प्राध्यापक आणि कारखान्यातला एक जुना फोरमन यांनी ते दर आठवड्याला चाळावे. जी रचना आपल्या शॉपमध्ये वीस वर्षे चालू आहे, ती कोणी ‘शोध’ म्हणून मागत असेल, तर जुनी ड्रॉइंगे, बिले आणि तारखा घालून हरकत नोंदवावी.